मैदानाला एक फेरी

सर,

तुमच्या शेवटच्या सकाळी काय झालं ते काकूंनी मला सांगितलं, त्याला बरीच वर्षं झाली, पण माझा राग काही ओसरलेला नाही. आज तो जरा जास्तच उसळलाय, म्हणून लिहायला बसले. तुम्ही असतात तर हे तोंडावर बोलले असते की नाही, कोण जाणे. तुमच्यापुढे आम्हा पोरींची वाचाच बसायची.

कोपरीच्या आपल्या मैदानावर तुमचा एक कायदा होता. कुणी पडलं, कुणाचं काही मुरगळलं, की बर्फ नाही, डॉक्टर नाही. आधी मैदानाला एक फेरी. स्वतःच्या पायांवर पूर्ण केली तर दुखापत झालेलीच नाही. मी सतरा वर्षांची होते. कबड्डीच्या सरावात चढाई करताना पाय वळला आणि गुडघ्यात कट् असा आवाज झाला. मला धरायला आलेल्या मुलींनीसुद्धा तो ऐकला. मी मातीत पडलेय, गुडघा दोन्ही हातांनी धरलाय, आणि तुम्ही गळ्यात शिट्टी अडकवून वरून बघताय. "काय नाय झाला तुला. उठ, फेरी मार." मी मारली, सर. ओठ चावत, भिंतीला हात न लावता, पूर्ण मारली. तुम्ही पाठीवर थाप मारलीत आणि सगळ्यांना म्हणालात, "बघा, याला म्हनतात जिद्द!" त्या एका थापेसाठी मी आणखी दोन फेऱ्या मारल्या असत्या. त्याचीच आज सगळ्यात जास्त चीड येते.

मग तुम्ही मला स्कूटरवर बसवून शीळफाट्याच्या पुढे कुठल्याशा हाडवैद्याकडे नेलंत. त्याने पाय ओढला, मी किंचाळले, त्याने लेप थापून पट्टी बांधली आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्ही मला अंतिम सामन्यात उतरवलंत. दुसऱ्याच चढाईत गुडघा पार गेला. ठाण्यातल्या डॉक्टरांनी एमआरआय उजेडाकडे धरून सांगितलं की लिगामेंट पहिल्याच दिवशी तुटलं होतं, आतली गादी मात्र नंतर चिरडली. "पहिल्या दिवशी का नाही आणलंत हिला?" आई तुमच्याकडे बघतेय, मी तुमच्याकडे बघतेय, आणि तुम्ही खिडकीबाहेर. ऑपरेशननंतर दोनदा घरी आलात. दोन्ही वेळा डब्यातून चिंबोऱ्यांचं कालवण आणलंत, गुडघ्याला चांगलं म्हणून. दोन्ही वेळा जिद्दीवर भाषण दिलंत. माफी तेवढी डब्यात नव्हती.

जिद्द काय असते ते मला त्यानंतरच्या नऊ महिन्यांत कळलं, आणि तुम्ही ते बघायला तिथे नव्हतात. जिद्द म्हणजे गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्याने दाबायची, दहा आकडे दाबून धरायची आणि सोडायची. पुन्हा दाबायची. सकाळ, दुपार, संध्याकाळ. बघायला कुणी नसतं, पाठीवर थाप नसते, बरोबरच्या मुली कुठल्या कुठे खेळायला गेलेल्या असतात आणि आपली मांडी वाळून मनगटाएवढी झालेली असते. चौथ्या महिन्यात मी टॉवेल भिंतीवर फेकला आणि आईला म्हटलं, आता बस, मला नाही खेळायचं. आईने टॉवेल उचलून, झटकून पुन्हा पलंगावर ठेवला. त्या दिवशी सहाच्या पुढे आकडा जाईना. मग मी मोजणंच सोडलं. पोटातून दम घेतला आणि "कबड्डी, कबड्डी, कबड्डी" सुरू केलं. ओठ जेमतेम हलवायचे, आवाज मध्ये तुटू द्यायचा नाही. दम संपेपर्यंत टॉवेल सोडायचा नाही. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय गं पुटपुटतेस?" त्या दिवसापासून पाय सुधारायला लागला. दीड वर्षाने मी पुन्हा जिल्ह्याच्या संघात आले, तेव्हा तुम्ही रेषेबाहेरून ओरडलात, "बोललो व्हतो ना, जिद्द!" जणू तुमच्या फेरीनेच मला उभं केलं होतं. मला तेव्हा तुमची शिट्टी हिसकावून खाडीत भिरकावून द्यावीशी वाटली.

आणि शेवटी तुम्ही स्वतःला तरी सोडलंत का? काकू सांगत होत्या, तीन दिवस छातीत दुखत होतं. त्या म्हणाल्या डॉक्टरकडे चला, तर तुम्ही चपला घालून मैदानावर गेलात आणि एक फेरी मारून आलात. पूर्ण झाली. "काय नाय झाला मला," म्हणालात आणि चहा मागितलात. तो कप तसाच राहिला. अंत्यविधीला लोक म्हणाले, शेवटपर्यंत ताठ होते हो सर. कसले ताठ? मी कोपऱ्यात उभी राहून रडत होते आणि मनात तुम्हाला शिव्या घालत होते. शहाण्या माणसाने अर्ध्या वाटेत खाली बसायचं असतं, सर. एवढं एक आम्हाला शिकवलं असतंत तर तुम्ही आज असतात.

आता मी डोंबिवलीत मुलींना शिकवते. फेरी माझ्या मैदानावर बंद आहे. दीड महिन्यापूर्वी माझी एक मुलगी पडली, तर मी तिला टाच टेकू दिली नाही. दोघींनी उचलून रिक्षात घातली, थेट डॉक्टरकडे. तिचं ऑपरेशन वेळेत झालं. पण आज तिच्या घरी गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. "ताई, मी नाही करणार. दहा दहा मोजून डोकं फिरतंय. काहीच होत नाहीये." टॉवेल जमिनीवर पडला होता. मी तो उचलला, झटकला, तिच्या गुडघ्याखाली ठेवला आणि म्हटलं, "मोजू नकोस. दम घे." ती आधी हसली, मग डोळे मिटून सुरू झाली. दोनदा तुटला. तिसऱ्यांदा इतका लांबला की तिची आई दारात येऊन उभी राहिली.

पाठ न हलवता, न तुटता, पोटातून. मला माहीत आहे तो दम कुणाचा आहे ते. तुम्ही मला कोपरीच्या मातीत रोज संध्याकाळी पोटावर हात ठेवायला लावून शिकवलेला.

"भारी आहे हे," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी शिकवलं, ताई?"

मी म्हटलं, "कोणी नाही. माझं मीच शोधून काढलं."

खोटं बोलले, सर. उद्या पुन्हा जायचंय तिच्याकडे. उद्याही तुमचं नाव घेईन असं वाटत नाही.