उजव्या हाताचा ब्रेक

पोयेन्सा,
रविवार, २६ फेब्रुवारी

प्रिय बेर्नात,

तुझ्या नाताळच्या कार्डाला फेब्रुवारीत उत्तर देते आहे, तेव्हा रागवायचा हक्क तुला आहे. इथे सगळे ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा बाबा जास्त कुरकुरतात. बदाम फुलले आहेत. चाळीस सायकली भाड्याने बाहेर आहेत आणि जर्मन मंडळी अजून यायचीच आहेत.

कामाचं आधी. ईस्टरला तू घरी यावंस, हे लिहायला बाबांनी मला बसवलं आहे. "सायकल नको चालवू म्हणावं, गाडी चालव. पाहुण्यांच्या मागे कुणीतरी घरचं हवं." दर वर्षी मी हे लिहिते आणि दर वर्षी तुझी एकच ओळ येते: त्या रस्त्यावर माझ्या हातांचा मला भरवसा नाही. या वेळी ती ओळ लिहिण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मलाही ते शेवटपर्यंत लिहायचं आहे, आणि तेच अवघड जातं आहे.

तर आधी ओल्वेनबाईंचं सांगते. वेल्सच्या ओल्वेनबाई तुला आठवतील, संत्र्याची सालंसुद्धा खिशात घालून परत आणायच्या. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या झाल्या. एकट्या येतात. त्यांच्या सीटची उंची मी दर वर्षी मोजते. वीस वर्षांत दीड सेंटीमीटर खाली आली आहे.

"मी आटत चालले आहे, पोरी," त्या म्हणाल्या.

"डोंगरही झिजतो, बाई."

"मग बघू, आधी कोण संपतं ते."

बुधवारी त्यांना सा कालोब्राला, खाली समुद्रापर्यंत, उतरायचं होतं. बाबांचा गुडघा असा, बाकीचे वाटाडे पाहुण्यांबरोबर गेलेले. "तूच चल माझ्या मागे," बाई म्हणाल्या. "मी पडले तर निदान तुझी सायकल तरी वाचव." अकरा वर्षं मी त्या रस्त्यावर सायकल घातलेली नाही. दुकान कोण बघणार, हे माझं ठरलेलं उत्तर. पण बाबांनी मागून, "दुकान मी बघतो," म्हटलं आणि मी सायकल काढली.

गाडीने आम्हाला खिंडीत सोडलं. बेर्नात, मी इथेच जन्मले, याच डोंगराखाली माझे दात पडले आणि नवे आले, तरी मी तिथे आ वासून उभी राहिले. खाली दरीत ढग साचले होते आणि रस्ता त्यांच्यात उतरून नाहीसा होत होता. मग वारा आला, ढग बाजूला झाले, आणि तो सबंध दिसला: स्वतःच्याच खालून जाणारा, कुणीतरी हातातला दोर तसाच टाकून द्यावा तसा पडलेला, आणि त्याच्या टोकाला समुद्राचा एवढासा निळा तुकडा. दोन गिधाडं आमच्या पायांच्या खाली घिरट्या घालत होती. पक्ष्याची पाठ वरून बघायला मिळते अशी जागा तू रोज बघायचास. मी इतकी वर्षं तेलाच्या डब्याकडे बघत बसले.

बाईंनी टोपी घट्ट केली आणि उजवा ब्रेक दोनदा दाबून पाहिला.

"हे मी दर वर्षी करते," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे उजवा हात मागचं चाक धरतो, आमच्याकडे पुढचं. न सांगता तू माझ्या ब्रेकच्या तारा बदलून ठेवतेस. एकदाही विसरली नाहीस. मी इथे तुझं नाव घेते आणि मग उतरते."

आणि त्या उतरल्याच.

मी त्यांच्या मागे निघाले. कसे उतरलो ते मला नीट सांगता येणार नाही. खडक अंगावर येत होते आणि दर वळणाला समुद्र एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. चौथ्या वळणाशी मी थांबले. तुला माहीत आहे कुठलं ते. तिथे काहीच नाही. एक भिंत, भिंतीवर एक बकरी, आणि तिच्यामागे इतकी खोल दरी की माझी पाचावर धारण बसली. भिंत तिथे नसती तर आज मी हे पत्र कुणाला लिहिलं असतं?

खाली पोचल्यावर बाईंनी अर्धं संत्रं खाल्लं आणि अर्धं मला दिलं. परत जायला बोट होती. "बोट म्हाताऱ्यांसाठी," म्हणाल्या आणि चढायला लागल्या. दहा किलोमीटर. एक तास पंचावन्न मिनिटं लागली. मी मागून फक्त त्यांची पाठ बघत होते, आणि ती चिमूटभर पाठ वर वर जात होती, न थांबता, कुणाला काही दाखवायचं नसल्यासारखी. तरणी पोरं त्यांना मागे टाकून जाताना वळून बघत होती. त्या बाईचा माझ्या हातावर एवढा विश्वास आहे, हे मला सहन होईना. मी रडत चढले. घाम म्हणून खपून गेलं.

आता लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी त्या सकाळी तुझ्या सायकलची तार तुटली होती, चाकाची. पाहुणे गाडीत बसलेले, बाबा हॉर्न वाजवत होते. तू भिंतीला लावलेली हिरवी सायकल उचललीस. ती मी आदल्या दिवशी ओल्वेनबाईंसाठी तयार केली होती. मी खिडकीतून तुला पाहिलं. फोन कानाला होता. याला हाक मारून सांगायला हवं, असं मनात आलं, तेवढ्यात कुणीतरी पेडल मागायला आलं, आणि ते मनातून गेलं. गाडी वर गेली.

त्या चौथ्या वळणावर बस आली, तेव्हा तू डावा हात वर करून मागच्या नऊ जणांना थांबवलंस आणि उजवा ब्रेक दाबलास. शिकवलेलं तेच. मागचं चाक धरायला हवं होतं, धरलं पुढचं, आणि सायकल तुला घेऊन भिंतीवर उलटली.

हे तुलाही कळलं असतं, बाबांनाही. पण चार वाजता गाडी ती वाकडी सायकल घेऊन परत आली. तुम्ही सगळे पाल्माच्या हॉस्पिटलात होता. मी दार लावून घेतलं आणि तारा परत आपल्या पद्धतीने जोडल्या. वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी बाबांनी सायकल तपासली तेव्हा सगळं जिथल्या तिथे होतं.

"मी उजवाच दाबला," तू खाटेवरून म्हणालास. तीनदा म्हणालास. बाबा म्हणाले, "उजवा दाबला असतास तर उलटून पडला नसतास. बस बघून घाबरलास, हात खाली आणलास आणि डावा ओढलास. कबूल कर, त्यात लाज कसली?" मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. अळीमिळी गुपचिळी. शर्यतीच्या संघातली तुझी जागा गेली, तू बेट सोडलंस, आणि काही वर्षांनी तूच लिहायला लागलास की बहुतेक डावाच असेल, नक्की आठवत नाही. ती ओळ वाचली त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले.

गुरुवारी मी बाबांना सांगितलं. ते वाटाणे सोलत होते.

"उजवा?" त्यांनी विचारलं.

"उजवा."

"म्हणजे पोरगा खरं बोलत होता." वाटाणे तसेच टाकून ते उठले. मला वाटलं, माझ्यावर हात उगारतील. ते लंगडत चौकातल्या कॅफेत गेले. अकरा वर्षं तुझ्या भित्रेपणाची गोष्ट त्यांनी तिथेच सांगितली होती. त्याच सगळ्यांसमोर उभं राहून ती मागे घेतली, माझ्या नावासकट. म्हातारा राफेल म्हणाला, "बस रे, झालं गेलं." बाबा म्हणाले, "तुमचं झालं असेल. त्याच्यासमोर बोलायचं माझं राहिलंय."

तेव्हापासून पाववाली मला पाव देते, पण बोलत नाही. ते योग्यच आहे. बाबा बोलतात, कामापुरतं.

माफी मागत नाही. तुझ्या अकरा वर्षांपुढे तो शब्द फार लहान पडतो. ईस्टरला आलास तर मी आठवडाभर सोयेरला मावशीकडे राहीन, तुला माझं तोंड बघावं लागणार नाही. नाही आलास तरी एवढं स्वतःजवळ ठेव: ते नऊ जण त्या दिवशी भिंतीच्या अलीकडे उभे राहिले, एकालाही खरचटलं नाही, कारण तुझा डावा हात शेवटपर्यंत वर होता.

तुझे दोन्ही हात बरोबर होते, हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेली,
अपोलोनिया