शेवटच्या पानावरची बहीण

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. तो आपोआप कमी होईल असं वाटलं होतं. बाकी सगळं कमी झालं. तुमचा खोकला कसा होता तेही आता आठवावं लागतं. पण आमच्या चित्रकथेच्या शेवटच्या पानावर तुम्ही जे केलंत ते आठवलं की कानशिलं तापतात. मला मोठ्याने भांडता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून लिहिते.

चौक गावाला हायवेलगत आपला बापलेकीचा छापखाना. लग्नपत्रिका, ढाब्यांची मेनूकार्डं, गॅरेजवाल्यांची बिलबुकं. कॉम्प्युटरवर मी, मशीनवर तुम्ही. गिऱ्हाईक मजकूर देऊन गेलं की तुम्ही चष्मा नाकावर ओढून वाचायचात आणि काही राहिलं असेल तर न विचारता घालायचात. कुंभिवलीच्या एका घराने पत्रिकेत थोरल्या सुनेचं नाव दिलं नव्हतं, तिचा नवरा वारला होता म्हणून. तुम्ही ते निमंत्रकांत घातलंत. नवरदेवाचा बाप तणतणत आला, "आमी दिलंच नव्हतं हे नाव!" तुम्ही शाईचे हात पुसत म्हणालात, "तुमी विसरलात असं वाटलं. काढू? काढतो की. पण तिला तुमीच जाऊन सांगा." तो गठ्ठा उचलून निघून गेला. त्या दिवशी जेवताना तुम्ही मला म्हणालात, "पत्रिकेत नाव नाय म्हंजे घरात जागा नाय गं." मला तुमचा किती अभिमान वाटला होता. आता तेच वाक्य आठवून जास्त चीड येते. तुम्हाला कळत नव्हतं असं म्हणायची सोयच तुम्ही ठेवली नाहीत.

चित्रकथेतली चित्रं जिची, ती शेलू गावची. चुलतभावाच्या पत्रिकेवर स्वतः काढलेलं चित्र छापून हवं म्हणून आली होती. पुढे आमचं जमलं, तिच्या घरी कळलं, आणि एका पिशवीत कपडे घेऊन ती आपल्या दारात उभी राहिली. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालात, "वरची खोली रिकामीच हाय. ऱ्हाऊ दे तिला." पुढे एक प्रश्न नाही. मशीनला लावण्याआधी कागद कसा फडफडवून मोकळा करायचा ते तुम्ही तिला शिकवलंत. भाकरीचा वरचा पापुद्रा, जो लहानपणी माझा असायचा, तो तिच्या ताटात जायला लागला. मला वाटलं, आम्हा दोघींना हेच तुमचं हो म्हणणं.

तिने चित्रं काढली, मी संवाद लिहिले. कर्जतच्या आसपास भाड्याची खोली शोधत फिरणाऱ्या दोघींची गोष्ट. प्रत्येक घरमालक विचारतो, "बहिणी हाव का गं तुमी?" आणि त्या हो म्हणतात. शेवटच्या पानावर, इतका वेळ गप्प असलेली मुलगी म्हणते, "बहीण नाही. ही माझी बायको आहे." त्या एका वाक्यासाठी सगळं पुस्तक होतं. मुंबई-पुण्याच्या प्रकाशकांनी चित्रांचं कौतुक केलं आणि पुस्तक परत केलं. मग आम्हीच प्रकाशक झालो आणि आपल्याच मशीनवर छापलं.

आमच्यासारखे लोक स्वतः छापलेली पुस्तकं टेबलं मांडून विकतात, अशा मुंबईतल्या एका मेळ्यात आम्ही गठ्ठे सोडले. एका मुलीने उभ्यानेच सगळं वाचलं, शेवटचं पान उलटलं आणि हसली. "काय ताई, एवढं चालवलंत आणि शेवटी फाटली?" माझ्या शेजारी बसलेल्या तिने पुस्तक त्या मुलीच्या हातातून घेतलं. पानावर छापलेलं होतं: "हो. ही माझी बहीण आहे." सगळ्या प्रतींत तेच.

घरी आल्यावर मी आधी तुमच्याकडे आले. तुम्ही मशीन पुसत होतात. "चूक व्हती ती. छपाईची ट्रेसिंग काढायच्या आधी तुझ्या कॉम्प्युटरवर मीच नीट केली."

"अण्णा, ती चूक नव्हती."

"खाली आपल्या छापखान्याचं नाव हाय गं. लोकं वाचत्यात."

मग स्वयंपाकघर. तुम्ही जेवताय, मी वाढतेय, ती दारात उभी राहून मला विचारते, "फाईल तुझ्याकडे होती. तू बदललंस?" मी तुमच्याकडे बघते. तुम्ही भाकरीचा पापुद्रा सोडवताय. मी थांबते. तुम्ही तो तिच्या रिकाम्या ताटात ठेवता आणि म्हणता, "बस, जेवून घे." एवढंच. ती मला म्हणाली, "घाबरली होतीस तर सांगायचंस. मी समजून घेतलं असतं." आणि वर गेली.

मी बोलले नाही, कारण बोलायची पाळी तुमची होती. मी वाट पाहत राहिले, तेवढ्यात तुम्ही दवाखान्यात गेलात आणि तिथूनच गेलात. तिथेही तुमच्या उशाशी माझ्यापेक्षा तीच जास्त बसली. दुसऱ्याच्या घरातून गाळलेली बाई तुम्ही शाईने परत आणलीत. स्वतःच्या घरातल्या दोघींना मात्र त्याच हातांनी पुसलंत, आणि तिच्या नजरेत भित्री ठरले ती मी. त्यानंतर किती काळ तिने पेन्सिल धरली नाही.

आता दुसरी आवृत्ती निघते आहे. ते वाक्य मी पुन्हा टाईप केलं. ट्रेसिंग तिने स्वतः उजेडात धरून वाचली, माझ्यासमोर. मग पहिल्या पानासाठी एक चित्र दिलं. चष्मा नाकावर ओढून वाचणारे तुम्ही, खाली "अण्णांना". म्हणाली, "त्यांनी जागा दिली म्हणून हे झालं." मी ते चित्र फाईलमध्ये बसवलं, काढलं, परत बसवलं. खरं सांगितलं असतं तर तिनेच ते फाडलं असतं. तिला तिच्या घरच्यांनी टाकलं, अण्णा. तुम्ही तिचे उरलेले एकच वडीलधारे. ते मी तिच्याकडून कसं घेऊ?

म्हणून चित्र राहिलं. आज सकाळी पहिल्या पानांचा फर्मा मशीनवर चढला. हे मी कुणाला दाखवणार नाही. तुम्ही मला नको आहात, हे एकदा लिहून टाकावं म्हणून बसले होते. तेवढंच लिहिता येत नाही.