नवी मोटार की केळीची जीप

चोपडा, १२ नोव्हेंबर १९५४

वडिलांना, म्हणजे नानांना, जळगावची नवी मोटार हवी. माझ्यासाठी मुली बघायला जायचे आहे म्हणे. पण रोज स्टेशनवर केळी कशात न्यायची? गॅरेजच्या मिस्त्रीने विकायला काढलेली जुनी जीप मागच्या बाजूने वाढवली आहे, स्प्रिंगा नरम केल्या आहेत. काल तिच्यातून सहा घड खडकाळ वाटेने फिरवून आणले. मुका मार दुसऱ्या दिवशी काळा पडतो, म्हणून आज पाहिले. एकही डाग नाही. शंका नव्हतीच, तरी पुन्हा पाहिले. नाहीच.

"घडाला काय कळतं?" नाना म्हणाले.

मिस्त्री हसला. "मंग तुम्हीच मागे बसा ना, नाना. जीप जुनी शे, पण कंबर दुखणार नाही."

नाना नदीपर्यंत जाऊन आले, पण उतरेनात. म्हणाले, "हीच घेऊ. पोरगी बघायला तू पुढे बस, मी मागेच बरा."