हवामानानंतरची दोन वाक्यं

प्रिय छोट्या,

तुझा ड्रायव्हर स्वयंपाकघरात चहा पितोय. त्याला सांगितलंय की माझा गळा बसलाय, आधी कोमट पाणी प्यावं लागेल, वेळ लागेल. गळा ठणठणीत आहे. तो बिचारा ओट्यावर ठेवलेल्या रेकॉर्डरकडे बघत बसलाय आणि मी मागच्या खोलीत बसून तुला हे लिहितेय. तू ब्रिगेडचा प्रमुख झालास, मिशा पिकल्या, तरी पाकिटावर ‘छोट्याला’ असंच लिहिणार आहे. ड्रायव्हरने वाचलं तर वाचू दे.

घरचं सगळं ठीक. कंबर अधूनमधून बोलते, मी तिच्याकडे दुर्लक्ष करते. मांजरीने तुझ्या भाऊजींच्या हत्यारांच्या खोक्यात पिल्लं दिलीत, त्यामुळे घरातलं एकही काम करता येत नाही, कारण पकड आणि पेचकस तिच्या पोटाखाली आहेत. रेडिओ स्टेशनवरची नवी मुलगी आवाजाची गोड आहे पण आकडे गिळते, म्हणून संध्याकाळी सातच्या बातम्या अजून मीच वाचते आणि शेवटी हवामान. पलीकडच्या काठावरही अजून ऐकतात. सैन्यं दोन असली तरी नदीवरचं आभाळ एकच आहे ना. आणि आमचा अंदाज चुकला की दुसऱ्या दिवशी मी आधी तेच सांगते, काल आम्ही चुकलो म्हणून. इतक्या वर्षांत हे एकदाही टाळलेलं नाही. साहेब लोकांना ते आवडत नाही, पण शेतावर निघालेला माणूस त्यामुळेच माझं ऐकून छत्री घेतो.

तुझा कागद वाचला. ‘बाहेर या. तुम्हाला काहीही होणार नाही. तुमची ताई सांगतेय.’ एवढंच. काचकारखान्याला वेढा घालून तू ज्यांना आत कोंडलंयस ती पोरं शनिवारच्या मुलांच्या कार्यक्रमात माझ्या गोष्टी ऐकत वाढली, हे तुझ्या बरोबर लक्षात राहिलंय. लढाई सुरू व्हायच्या आधी दोन्ही काठांवर स्टेशन एकच होतं. लहानपणी तूही माझ्या मांडीला टेकून स्टुडिओत बसायचास आणि लाल दिवा लागला की हमखास खोकायचास. माझ्या आवाजाची किंमत तुला ठाऊक आहे, म्हणूनच रेकॉर्डर पाठवलास. मला मात्र बोलावलं नाहीस. हे वाचताना मला मास्तर आठवले, आणि आज ते तुलाही आठवावेत असं मला फार वाटतंय.

मागच्या लढाईत तू नुकताच लेफ्टनंट झाला होतास. तुमच्या पलटणीचे प्रमुख युद्धाआधी गणित शिकवायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि तू पाठीमागे त्यांना ‘भित्रा मास्तर’ म्हणायचास. मला भाऊजींनी सांगितलं होतं. कर्ण्यावरून पलीकडच्यांना शरण यायला बोलवायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं तेव्हा मी मोठ्या हौसेने मजकूर लिहून नेला होता. त्यांनी शाळेतली लाल पेन्सिल काढली. ‘चांगलं जेवण’मधलं चांगलं खोडून ‘गरम’ लिहिलं. ‘कुणी हात लावणार नाही’ खोडून ‘झडती घेऊ, मारणार नाही’ लिहिलं. ‘लवकरच घरी जाल’ ही ओळ तर सरळ उडवली. त्या जागी कुठल्या रस्त्याने यायचं, कुठे थांबायचं, रात्री कुठे झोपायचं, डॉक्टर किती वाजता येतो, हे सगळं घातलं. मी म्हटलं, अशानं कोण येणार? तर म्हणाले, बाई, जेवढं देता येतं तेवढंच बोला, उद्याही याच तोंडाने बोलायचंय.

पहिला आला तो प्लंबर. पायात छरा घुसलेला, लंगडत आला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्यालाच माइकपुढे बसवलं आणि सांगितलं, जे झालं ते बोल. तो बोलला. मारलं नाही, डॉक्टरने छरा काढला, जेवण गरम असतं. पण इथल्या स्वयंपाक्याला मीठ म्हणजे काय ते माहीत नाही, आणि पाव खायचा असेल तर दात सांभाळून या. माझा हात बटण बंद करायला गेला होता, तारा-कर्णे सांभाळणाऱ्या तुझ्या भाऊजींनी तो धरून ठेवला. आणि शेतापलीकडून हसू ऐकू आलं. अख्खा खंदक हसत होता. त्याच संध्याकाळी एक पूर्ण तुकडी हात वर करून आली आणि पहिला प्रश्न काय, तर मीठवाला कुठाय! आमच्या स्वयंपाक्याने मात्र गाल फुगवले आणि पुढचे दोन दिवस इतकं मीठ घातलं की साहेबांपासून कैद्यांपर्यंत सगळे पाण्याच्या पिंपाशी उभे.

हा मऊपणा होता असं तुला तेव्हा वाटायचं. मऊपणा नव्हता रे. एक जण सदऱ्याखाली हातबॉम्ब लपवून आला आणि आपल्या एका शिपायाचा हात गेला. सगळी पलटण पेटून उठली होती, तूही. मास्तरांनी बोलवणं बंद केलं नाही आणि बदलाही घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून हुकूम निघाला की सदरे काढायचे, हात वर, एकेक करून यायचं. थंडी मी म्हणत होती. म्हणून फाटकाशी आपली माणसं ब्लँकेटं उघडून धरून उभी राहायची, त्यात ज्याच्या मित्राचा हात गेला होता तोही होता. तो शिव्या घालत ब्लँकेट द्यायचा, पण द्यायचा. त्या सबंध काळात कर्ण्यावर एकही गोळी आली नाही. तुझे भाऊजी उघड्या शेतात जाऊन तारा जोडत, कर्ण्यांची तोंडं वळवत, आणि पलीकडून कुणी नेम धरत नव्हतं. एकदा तर तिकडून ओरडून सांगितलं, डावीकडचा कर्णा खरखरतोय, बघा जरा! भाऊजींनी दुरुस्त केला आणि हात हलवला. घरी येऊन किती दिवस ते ती गोष्ट सांगत होते.

मग वरच्यांना घाई झाली, मास्तरांची बदली झाली आणि कडक इस्त्रीचे साहेब आले. त्यांनी मजकुरात एक शब्दही बदलला नाही. मीच वाचला. वीटभट्टीच्या वाटेने तीसेक जण सदरे काढून, हात वर करून आले, जसे रोज येत तसेच. ब्लँकेटं नव्हती. मी कर्ण्याच्या व्हॅनमध्ये होते, माझं शेवटचं वाक्य अजून वाचून व्हायचं होतं, तेव्हा गोळ्यांचा आवाज आला.

आता मी खोटं बोलणार नाही, कारण तू लगेच पकडशील. त्या दिवशी त्यांच्या दोन चौक्या आपोआप रिकाम्या झाल्या. इस्त्रीसाहेबांना पदक मिळालं आणि तुझ्यासारख्या तरण्या अधिकाऱ्यांना वाटलं, बघा, मास्तरांना जे इतक्या महिन्यांत जमलं नाही ते एका सकाळीत झालं. पण चौक्यांतले ते लोक गेले कुठे? धान्याच्या कोठारात. तिथे आधीपासून असलेले लोक पाणी संपत आलं म्हणून बाहेर यायच्या बेतात होते, हे लढाई संपल्यावर त्यांच्यातल्या वाचलेल्यांनीच सांगितलं. हे भेदरलेले लोक आत गेले, भट्टीवर काय पाहिलं ते सांगितलं आणि त्यानंतर कोठारातून कुणी बाहेर आलं नाही. बाहेर यायची वाट असली की माणूस विचार करतो, घरचं आठवतो, शेजाऱ्याशी कुजबुजतो. ती वाटच नसली की तो भिंतीला पाठ लावून लढतो. सबंध हिवाळा ते लढले. आपली पोरं किती गेली ते तुला माहीत आहे, त्यांची नावं रोज संध्याकाळी मी वाचत होते. मीठवाल्याला मी पुन्हा एकदा माइकपुढे बसवलं. त्याने माइक माझ्याकडे परत सरकवला. आणि त्यानंतर जेवणाबद्दल त्याने कधीच तक्रार केली नाही.

कोठारासमोर पहिल्यांदा कर्णा लावला त्या दिवशी पहिलीच गोळी तारेशी वाकलेल्या तुझ्या भाऊजींना लागली. तू त्यांना पाठीवर घालून अख्खं शेत ओलांडून आणलंस. मी ते आयुष्यभर विसरणार नाही, छोट्या. तुझा शर्ट मीच धुतला होता. परवा फोनवर तू म्हणालास, ताई, आपण त्यांच्या हाती सापडलो असतो तर त्यांनी आपल्याला सोडलं नसतं. म्हणालास, लवकर संपवणं हीच खरी दया. आणि मग आवाज खाली आणून म्हणालास, भाऊजींचा हिशोब बाकी आहे. तेव्हापासून मला नीट जेवण गेलेलं नाही. भाऊजींना त्यांनी मारलं, त्यांनीच मारलं, यात वादच नाही. पण जे महिनोन्‌महिने नेम धरत नव्हते त्यांनी त्या दिवशी का धरला, हे तुला कळत नाही असं नाही. तू कधीच मूर्ख नव्हतास. त्या सकाळी भट्टीवर तू होतास की नव्हतास, हे मी तुला कधी विचारलेलं नाही. आजही विचारत नाही. पण माझ्या नवऱ्याच्या नावावर हे करू नकोस. मी त्याची बायको आहे आणि मला हा हिशोब नकोय.

तुला अंगणातला वाळूचा ढीग आठवतो? तू त्यावरचा राजा. कुणी ‘हरलो’ म्हटलं की तू त्याला वर एक गुद्दा हाणायचास, मजा म्हणून. तिसऱ्या दिवशी ‘हरलो’ म्हणणारं कुणी उरलं नाही. सगळी पोरं दात-नखं काढून अंधार पडेपर्यंत तुझ्याशी झुंजली आणि तू फाटक्या चड्डीत रडत माझ्याकडे आलास की ताई, हे लोक हरतच नाहीत! मी तेव्हा हसले होते. तुला मलम लावताना सांगायला हवं होतं ते आत्ता सांगतेय. मी तुला दयेचा धडा देत नाहीये. मलाही ही लढाई जिंकायचीय, तुझ्याइतकीच, कदाचित जास्त, कारण रोज नावं मला वाचावी लागतात. काचकारखान्यातले फसून बाहेर आले आणि मेले, तर तुला कारखाना मिळेल. पण पुढे नदीकाठाला बंदर आहे, रेल्वेचं यार्ड आहे, पूल आहे, आणि तिथे प्रत्येक ठिकाणी तुला कोठार भेटेल. तेव्हा तुझ्याकडे शिपाई असतील, पण बोलवायला आवाज नसेल. तो एकदाच वापरून संपलेला असेल.

तुझ्या ड्रायव्हरला मी सहज विचारलं की पोरं बाहेर आली की ठेवणार कुठे, ब्लँकेटं किती मागवलीत. तो गोंधळला. म्हणाला, ब्लँकेटांचं काही सांगितलेलं नाही, माणसं न्यायचे ट्रक तर कालच परत पाठवलेत. मग जरा ऐटीत म्हणाला की फाटकासमोरच्या छपरांवर मशीनगना मात्र चढवल्यात. त्याला रागावू नकोस, त्याला वाटलं मी तुझी बहीण आहे म्हणजे मला माहीतच असणार. कागद वाचला तेव्हाच मला कळलं होतं. ज्याने माणसांसाठी जागा तयार ठेवलेली असते तो त्या जागेचं वर्णन करतो.

तर रेकॉर्डर रिकामा परत येतोय. माझे जुने आवाज स्टेशनच्या कपाटात भरपूर आहेत, ते जोडून हवं ते वाक्य बनवणारी पोरंही तुझ्याकडे असतील, म्हणून हे पत्र लिहिलं. कारखान्याकडे जाणारा रस्ता माझ्या खिडकीखालून जातो आणि मी स्टेशनला जायला निघेपर्यंत खिडकीत बसणार आहे. संध्याकाळी सातच्या बातम्यांत, हवामानानंतर, आज माझी स्वतःची दोन वाक्यं असतील. ब्लँकेटांचे ट्रक फाटकाकडे जाताना दिसले, तर मी म्हणेन, ‘मुलांनो, उद्या सकाळी फाटकात मी स्वतः उभी आहे. सदरे काढून, एकेक करून या.’ आणि मी खरंच उभी असेन, मशीनगनांच्या बरोबर पुढ्यात, तेव्हा त्या आधी उतरवून घे. ट्रक दिसले नाहीत, तर मी म्हणेन, ‘उद्या कर्ण्यावरून माझा आवाज आला तर तो माझा नाही. बाहेर येऊ नका.’ याला काय म्हणतात आणि त्याची शिक्षा काय, ते मला माहीत आहे. अटक करायला येशील तेव्हा स्वतः ये, अनोळखी माणसं आली की मांजर पिल्लांना घेऊन पलंगाखाली शिरते. वाक्यांच्या दोन्ही जोड्या लिहून पर्समध्ये ठेवल्यात. कुठली वाचायची ते तू ठरव. आणि एक, उद्याचा अंदाज कडाक्याच्या थंडीचा आहे, तेव्हा ब्लँकेटं जास्तच लागतील.

तुझीच,
ताई