कोळिणीला सांगितलेली बातमी

सौ. आईस धाकटीचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, जेवते वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे?

इथे प्रयोगशाळेत मी भिंतीवर जाळं विणणाऱ्या कोळ्यांचे धागे यंत्रात तुटेपर्यंत ताणते. धागा प्रथिनांचा असतो. त्या प्रथिनांतल्या घटकांचा क्रम जरा बदलला, की कुठला धागा मजबूत होतो, तर कुठला जास्त ताणला जातो. क्रम वाचून मी एका धाग्यावर पैज लावली होती. सरांनी हसण्यावारी नेलं. आज तोच सगळ्यांत जास्त ताणला गेला!

ओरडत मागे वळले, तर खोलीत कुणीच नव्हतं. मग पेटीतल्या कोळिणीलाच म्हटलं, "बाई गं, जिंकलो आपण!" कित्येक दिवसांनी मराठीत मोठ्यानं बोलले गं. माझाच आवाज मला परका वाटला.

बाबांना धाग्याचं सांग. आवाजाचं नको.

तुझ्या कुशीची आठवण काढणारी,
धाकटी