साडूच्या गाडीचे तेज दिवे

सक्करदरा, नागपूर
संक्रांतीचा दुसरा दिवस, १९८३

आदरणीय बाबारावजी,

खाप्याच्या साऱ्या मंडळींले तुमच्या घरच्या थोरल्या जावयाचा, म्हणजे मारोतरावाचा, नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वैद्याचं तेल लावता, का बाटली खिडकीतच ठेवली आहे? इकडं तुमची बहीण, म्हणजे माझी बायको रुख्मिणी, मजेत आहे. मी मजेत नाही, अन् त्याले कारण तुमच्या घरचा धाकटा जावई, आमचा साडू चंपतराव. (रागानं लिहून नाही राहिलो. जे आहे ते सांगून राहिलो.)

त्यानं आपल्या फियाटले नवे तेज दिवे लावले हे तुम्हाले माहीतच असेल. लावले तर लावू दे बापा, माझं काय जाते! पण जो तो मलेच येऊन सांगते, का उजेड असा पडते का रस्त्यावरची सुई दिसावी, अन् समोरच्याच्या डोळ्याले मात्र काडीचा त्रास नाही. म्हणजे उजेडही याचाच अन् सज्जनपणाही याचाच! माणसानं दुसऱ्यासाठी काही ठेवावं का नाही? त्यात तुमचा मुलगा रविंद्र परवा माझ्याच घरी, माझ्याच शेजारी जेवायले बसून म्हणते, का माझ्या लग्नाले मी चंपतरावांच्या गाडीत बसतो. बाबारावजी, तुमच्या घरचा एकूणएक नवरदेव आजवर माझ्या अँबेसिडरमध्ये बसून मांडवात गेला. थोरल्या जावयाचा मान आहे तो.

मग मीही दिवे लावले. त्याच्याहून तेज. बसवताना नत्थूजी मिस्त्रीनं बजावलं होतं, का काचेचा वरचा अर्धा भाग काळा रंगवा, गाडी भिंतीसमोर उभी करा, जेवढी माणसं नेता तेवढी आत बसवा, अन् मग स्क्रू फिरवून उजेड खाली उतरवा. आता माझी अडचण समजून घ्या. माणसं बसवायची म्हणजे रुख्मिणी बसवायची. रुख्मिणीले कळलं का तिच्या बहिणीले कळलं, अन् बहिणीले कळलं का चंपतरावले कळलं. म्हणून घरची मंडळी वाणाचं सामान आणायले गेली तेव्हा मी एकट्यानंच, रिकामी गाडी शेजाऱ्याच्या भिंतीसमोर उभी करून उजेड जमवला. जमला बरं, मस्त जमला! (काळा रंग नाही लावला. तेज दिवे घ्यायचे अन् त्यायचंच तोंड काळं करायचं, काहून?)

काल संध्याकाळी साऱ्यांले घेऊन सावनेरले निघालो. मागं रुख्मिणी, माझी बहीण यमुताई अन् तिची सासू (तिघीही खात्यापित्या घरच्या), डिक्कीत संत्र्याच्या पेट्या. अंधार पडला, ऐटीत दिवे लावले, तर उजेड रस्ता सोडून वर! मागचा भार खाली बसला अन् गाडीनं तोंड आभाळाकडं केलं. बाभळीवरचे बगळे सकाळ झाली समजून उडाले. यमुताई म्हणे, "काहून गा दादा, रस्ता पाहून राहिला का चांदण्या?" तेवढ्यात समोरून एक गाडी आली. तिनं आपला उजेड खाली केला, दिवे मिचकावून मले दोनदा खूण केली, अन् मग डोळे दिपून सरळ तुरीच्या वावरात घुसली. आतून उतरलं कोण? चंपतराव!

मले वाटलं, आता हा भांडते. खरं सांगतो, त्यानं भांडावं अशी माझी फार इच्छा होती. त्यानं चार शब्द बोलावे, मी आठ बोलावे, हिशेब मिटावा. पण कायचं काय! अंगावरची तुरीची पानं झटकत आला अन् आधी विचारलं, का कोणाले लागलं तर नाही? गाडी बाहेर निघाल्यावर आमच्या पेट्या आपल्या डिक्कीत घेतल्या, स्क्रूड्रायव्हर काढला, तिघींले जागेवरच बसवून माझ्या दिव्यांचा उजेड खाली उतरवून दिला, अन् पेट्या पोचवायले उलटा सावनेरपर्यंत आला. रुख्मिणी मागून म्हणते कशी, "किती समजदार माणूस वं बाई, नशीब काढलं माझ्या बहिणीनं!"

घरच्या थोरांले नमस्कार, लहानांले आशीर्वाद अन् साऱ्यांले तिळगूळ.

तुमचा,
मारोतराव

ता.क. : पत्राचं कारण एवढंच, का रविंद्रले माझ्याच गाडीत बसवा. चंपतरावले पाहुण्यांच्या वळकट्या आणायले पाठवा. समजदार आहे, नाही म्हणणार नाही.

पुन्हा ता.क. : पाकीट चिकटवत होतो तर खुद्द चंपतराव आला. म्हणते का काल खाप्याले जाऊन बाबारावजींले अन् रविंद्रले समजावून आलो, नवरदेव थोरल्या जावयाच्याच गाडीत बसेल. म्हणजे मी त्याले वावरात घातला तेव्हा हा माझंच काम करून परत येऊन राहिला होता! माझा मान मले मिळाला, तोही याच्या हातून? असा मान मले नको. नवरदेव त्याच्याच गाडीत बसवा. फक्त मारोतरावनं आपणहून मान सोडला, असं भर मांडवात मोठ्यानं सांगा, अन् सांगण्याआधी चंपतराव जवळच उभा आहे ना, ते पाहून घ्या.