होल्ड निघाला, असं मी म्हणाले

३ फेब्रु., मंगळ.
चाकणच्या चौकात बस अडकली, उशीर. पोचते तर कस्टमरचा मेल. ब्रॅकेटचा लॉट वेल्डिंगच्या शंकेवरून कालपासून लाल टॅग लावून होल्डवर होता. मेलमध्ये लिहिलेलं : होल्ड ऑफ. सुटले! डिस्पॅचचे सलीमभाई दारातच. "मॅडम, सोडू का गाडी?" "सोडा. होल्ड निघाला."
आमचे क्वालिटीचे कुलकर्णी सर रजेवर. त्यांच्याशिवाय निभावलं. बरं वाटलं.

५ फेब्रु., गुरु.
ब्रॅकेट कस्टमरकडे तडकले. त्यांची लाइन बंद पडली. सर ओरडले, "लॉट पाठवू नका असं स्वच्छ लिहिलंय!"
बाथरूममध्ये जाऊन मोबाइलवर पाहिलं. होल्ड ऑफ = थांबणे, तूर्त न करणे. होल्ड होता, तो ऑफ झाला, असं मी धरून चालले.
मग सरांसमोर. सलीमभाई : "मॅडमनी सोडा म्हणून सांगितलं." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "मेल आला, एवढंच सांगितलं होतं, सर."
कसं निघालं तोंडातून...
सर सलीमभाईंना म्हणाले, "मॅडमला इंग्रजी येतं. तुला येतं का?"

६ फेब्रु., शुक्र.
सलीमभाई कॉन्ट्रॅक्टवरचे. त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरने त्यांना कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. चौदा वर्षं होते. मी इथे दोन.
डबा उघडला, तसाच झाकला. लातूरहून आईचा फोन, उचलला नाही.

८ फेब्रु., रवि.
आकुर्डीला इंग्रजीच्या क्लासला नाव घातलं. फ्लॅटमधल्या मुलींना सांगितलं, भाजी आणायला जाते. सगळी कॉलेजची पोरं, मीच मोठी. बाई म्हणाल्या, क्रियापद तेच राहतं, मागचा छोटा शब्द अर्थ फिरवतो. पुट ऑफ पुढे ढकलणे, पुट आउट विझवणे, पुट अप विथ सोसणे. मग मेक अप. सगळे हसले. भांडण मिटवणे हा एक अर्थ. आणि खोटं रचून सांगणे हाही.
वहीत उतरवलं नाही.

१० फेब्रु., मंगळ.
सुटल्यावर निगडीला, ओटा स्कीमच्या वस्तीत, सलीमभाईंच्या घरी. भाभींनी दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत. सलीमभाई बाहेर आले.
"मेल मीच चुकीचा वाचला. सोडा असं मीच म्हणाले होते."
"ते मला ठाऊक आहे की, मॅडम. मला कशाला सांगता?"
"सरांना सांगते."
"काम कुठंतरी मिळेल. पण तिथं मी खोटारडा ठरलो. सांगायचं तर माझ्यासमोर सांगा."
परवा सकाळी गेटवर येतो म्हणाले. मी मान हलवली. चहा विचारला नाही कोणी. कोणत्या तोंडाने पिणार होते.

११ फेब्रु., बुध.
दिवसभर वाटत होतं, सरांना उद्या ऑडिटला बाहेर जावं लागलं तर बरं. हे लिहून ठेवते. असं वाटलं मला.

१२ फेब्रु., गुरु. (जेवणाची सुट्टी)
ते आले होते. इस्त्रीचा शर्ट. सिक्युरिटी आत सोडेना. सरांची गाडी आली, मी काचेवर टकटक केलं. "सर, दोन मिनिटं उतरता का?"
सांगितलं. सगळं, मराठीत. सिक्युरिटीवाला ऐकत होता.
सरांनी गाडीचं दार लावलं. मग : "याआधी किती मेल असे वाचलेस?"
"माहीत नाही, सर."
खरंच माहीत नाही. सलीमभाई तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघत होते. राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
सरांनी मला लेखी दे म्हणून सांगितलं. मग सलीमभाईंपुढे जरा थांबले, नुसतं "बस रे तू" म्हणाले. कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला, उचलला नाही. अजून उचललेला नाही.
सलीमभाई गेटपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आहेत. मघाशी पाणी नेऊन दिलं. घेतलं, पण प्यायले नाहीत. ग्लास हातात धरून बसलेत. खिडकीतून दिसतायत.